बाई म्हणून सोडलं

त्या राणीचा मला आता कंटाळा आला आहे. सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईचा कंटाळा यावा असं तिनं माझं काही वाईट केलेलं नाही. मीच तिला तेलंग देशातून उचलून पिंपरीतल्या एका कारखान्याच्या गेटवर आणून उभी केली आणि मग ती तिथून हलेना.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. सकाळी पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकायचा आणि दुपारी कासारवाडीला उतरून युनियनच्या ऑफिसात पत्रकं लिहायची, असे माझे दिवस होते. ऑफिस म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. खाली पंक्चर काढायचे, वर आम्ही सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचो. बाप फाउंड्रीत लोखंड ओतायच्या कामावर, आजूबाजूची सगळी वस्ती कंपन्यांतली; विहारात उभं राहून बोलायला शिकले आणि युनियनमध्ये लिहायला. त्यामुळे माझं लिहिणं अजूनही पत्रकासारखंच येतं. कुणाला तरी जाब विचारल्याशिवाय मला वाक्य संपवता येत नाही. हे वाचणाऱ्यांनी तेवढं चालवून घ्यावं.

मी सांगतेय तो कारखाना विजेच्या मोटारी बनवायचा. त्यात वाइंडिंग खातं सगळं बायकांचं. तांब्याच्या तारेची वेटोळी करून ती मोटारीच्या खाचांत बसवायची, हे काम. बायकांची बोटं बारीक म्हणून त्यांना घेतो, असं कंपनी म्हणायची. पगारही बारीकच होता. वेटोळी बसवून झाली की ती व्हार्निशच्या टाकीत बुडवायची आणि भट्टीत भाजायची. ही टाकी खात्याच्या मधोमध होती. तिचा वास असा की घरी जाऊन भाकरी खाल्ली तरी तोंडाला व्हार्निशच लागायचं. बायका चक्कर येऊन पडायच्या. पडलेल्या बाईला बाहेर नेऊन कांदा हुंगवायचा आणि परत आणून बसवायचं, एवढाच कंपनीचा औषधोपचार.

या खात्यात पुनावळ्याची एक बाई होती. सगळ्या तिला आक्का म्हणायच्या, मीही म्हणायचे. शेतकऱ्याघरची, पस्तिशीची, अंगानं किरकोळ. पहाटे म्हशीचं दूध काढून, गावातून रस्त्यापर्यंत चालत येऊन पहिली पाळी गाठायची. बोलायची कमी. टाकी बाहेर काढा म्हणून तिनं सुपरवायझरला सांगितलं, मग मॅनेजरसाहेबाला सांगितलं, मग एके सकाळी तिनं तार हातातून खाली ठेवली आणि तिच्या मागोमाग सगळ्या खात्यानं ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबानं पोलिसांची गाडी बोलावली. मी तेव्हा गेटबाहेर पत्रकं घेऊन उभी होते, म्हणून हे मी पाहिलेलं आहे, कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आक्का एकटी गेटपाशी आली. पदर कमरेला खोचलेला, हात रिकामे.

गाडीतला अंमलदार म्हणाला, "बाई, कामावर जा. उगीच तमाशा नको."

"टाकी काढा, समद्या जातो."

"मला काय टाकीचं सांगता?"

"मंग ज्यानं तुमाला बोलिवलं त्याला सांगा."

गाडी बराच वेळ उभी राहिली. आक्काही उभी राहिली. मग अंमलदार आत जाऊन साहेबाशी काहीतरी बोलून आला आणि गाडी निघून गेली. संध्याकाळच्या आत टाकी ट्रॉलीवर घालून मागच्या शेडमध्ये गेली. झालं ते इतकंच.

पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर याच गोष्टीच्या दोन गोष्टी झाल्या होत्या. टूलरूमचे फिटर आक्काच्या बाजूचे. त्यातला एक बशीत चहा ओतत म्हणाला, "आक्का बाई न्हाई राव, गडी हाय गडी! गाडी परतवली तिनं."

फाउंड्रीचे लोक बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला. त्यातला एक म्हणाला, "गडी असती तर टाळकं फुटलं असतं. बाई होती म्हणून सोडलं साहेबानं. आपण जाऊन बगावं उभं राहून, मग कळंल."

दोघंही तिचं कौतुकच करत होते. पण जिंकला तो एकाचा गडी आणि दुसऱ्याचा साहेब. मग आक्कानं काय केलं? मी चहा तसाच टाकून उठले. त्या वयात मी फार वेळा चहा टाकून उठायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत युनियनची निवडणूक आली आणि वाइंडिंगच्या बायकांनी आक्काला सरचिटणीसपदाला उभं केलं. तोवर कमिटीत बाई असायची ती हळदीकुंकवाच्या खात्याला. सरचिटणीस म्हणजे साहेबासमोर बसून वाटाघाटी करणारा माणूस. पुरुषांचं म्हणणं असं की कायद्यानं बाईला रात्रपाळी नाही. रात्री भांडण झालं तर ही पुनावळ्याहून येणार का? शिवाय पद हिचं आणि कारभार हिच्या नवऱ्याचा. तिच्या नवऱ्यानं आयुष्यात कारखाना बाहेरूनसुद्धा नीट पाहिला नव्हता. त्याला म्हशीपलीकडे कशात रस नव्हता. पण ते कुणी विचारलं नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी तेच वाक्य होतं: बाई म्हणून सोडलं. ते एकदा मान्य केलं की आक्काजवळ दाखवायला काही उरत नव्हतं. मला ते वाक्य खोडायचं होतं. त्याच आठवड्यात कॉलेजच्या ग्रंथालयात मला ती राणी सापडली.

आपल्याकडच्या राण्या मी मुद्दाम टाळल्या. त्यांचे पुतळे झालेत, त्यांचं नाव घेतलं की लोक हात जोडतात आणि ऐकायचं बंद करतात. ही नवी होती. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं हिला पुरुषाचं नाव देऊन गादीवर बसवलं. शिलालेखांत तिला महाराज म्हटलेलं. आणि तिची लढाई झाली ती आपल्याच देवगिरीच्या राजाशी! या लढाईबद्दल दोन बाजूंचे दोन पुरावे. तिकडचे म्हणतात, तिनं देवगिरीच्या राजाला हरवून त्याच्या किल्ल्यापर्यंत पिटाळलं. इकडे देवगिरीच्या मंत्र्यानं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की आमच्या राजानं तिला बाई म्हणून सोडलं.

बाई म्हणून सोडलं! ग्रंथालयात मी मोठ्यानं हसले आणि शिपायानं मला बाहेर काढलं. सातशे वर्षं हे लोक तेच वाक्य लिहीत आलेत. मी त्याच संध्याकाळी स्टेन्सिल कापली. "देवगिरीच्या राजाला त्याच्या किल्ल्यापर्यंत पिटाळणारी राणी आणि पोलिसांची गाडी परतवणारी आक्का! बाई म्हणून सोडलं म्हणणाऱ्यांनो, हरलो म्हणायची लाज वाटते काय?" असं मथळ्यात. पत्रक चांगलं होतं. अजूनही मला ते चांगलंच वाटतं.

फक्त एक गोष्ट मला माहीत नव्हती. फाउंड्रीतले निम्मेअधिक लोक बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेले, एवढं ठाऊक होतं. माझा बाप दुसऱ्या कंपनीच्या फाउंड्रीत, तरी त्यांच्याबरोबर उठायचा-बसायचा. पण या कंपनीच्या फाउंड्रीतली माणसं एकमेकांना ओढत थेट देवगिरीच्या पायथ्याच्या गावांतून आली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुढारी, साच्यांचं काम करणारा एक मिस्त्री, जिना चढून ऑफिसात आला. हातात माझं पत्रक, त्याच्या चार घड्या घातलेल्या.

"पोरी, हे तू लिहिलं?"

"हो, मामा."

"कोन्ता राजा पळाला म्हनं?"

"देवगिरीचा."

"तू आमचा किल्ला पाह्यला का कधी?"

"नाही."

"मंग? त्या किल्ल्यात आंधारी हाय. दुश्मन आत शिरला तर त्याला सोताचा हात दिसत न्हाई. तिथवर येऊन एक बाई राजाला हाकलते? काहून लिहितीस आसं?"

"मामा, त्याला सातशे वर्षं झाली."

"तुला झाली आसतील," तो म्हणाला. पत्रक त्यानं टेबलावर ठेवलं नाही, खिशात घातलं आणि गेला.

दोन दिवसांत सगळी फाउंड्री आक्काच्या विरोधात. टाकीबद्दल कुणी बोलेना, रात्रपाळीबद्दल बोलेना. डबा खाताना, साचे भरताना एकच विषय: आपल्या राजाला बाईनं पळवला का नाही. टूलरूमवाले चिडवायला पुढे. फाउंड्रीचा माणूस हत्यार मागायला आला की म्हणायचे, "या देवगिरीकर, पळत आलात का चालत?" एकदा त्यावरून स्पॅनर फेकला गेला. कुणाला लागला नाही.

आमचे अध्यक्ष, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, जुने, सावध, पानाचा डबा बाळगणारे. त्यांनी कमिटी बोलावली. बोनसचा वाद झाला की कंपनीचा ताळेबंद वाचायला पुण्याहून एक जाणकार बोलवायची युनियनची पद्धत होती. तसाच राणीसाठीही जाणकार आणा, असं ठरलं. वादाला दोन बाजू, म्हणून दोन जाणकार. अण्णा म्हणाले, "समोरासमोर बसवू. सही होईस्तवर सोडायचं नाही."

मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण चिंचवडच्या शाळेचा हॉल खरंच ठरला, रविवारची दुपार ठरली, आणि पुण्याहून दोन प्राध्यापक खरंच आले. एक म्हातारे, कोट-टोपीतले. एक तरुण, दाढीवाले. हॉल भरलेला होता. इतिहासाच्या व्याख्यानाला इतके कामगार त्याआधी आणि त्यानंतर मी पाहिलेले नाहीत. एका बाजूला फाउंड्री, एका बाजूला टूलरूम, मागच्या रांगांत वाइंडिंगच्या बायका आणि त्यांच्यात आक्का.

म्हाताऱ्या प्राध्यापकांनी मंत्र्याच्या ग्रंथातला संस्कृत श्लोक म्हटला आणि अर्थ सांगितला: स्त्रीला मारू नये हा धर्म, म्हणून राजानं तिला मुक्त केलं. "शस्त्र न उचलणं," ते म्हणाले, "हाही पराक्रमच आहे." फाउंड्रीनं टाळ्यांनी हॉल दणाणून सोडला. मिस्त्री उभा राहून टाळ्या वाजवत होता.

तरुण म्हणाला, "मंत्री त्या राजाचा पगारी माणूस होता. तो काय लिहिणार?"

"आणि तुमचे शिलालेख कोरणारे काय बिनपगारी होते?"

हॉल हसला. टूलरूमही हसली.

तरुणानं मग तिकडचे शिलालेख सांगितले, तिकडचा विजय सांगितला, आणि मला वाटलं, आता हा आपलं बोलेल. तो म्हणाला, "पण स्त्रीनं विजय मिळवला असं म्हणणंही चूक आहे. शिलालेखांत ती स्त्री नाहीच. नाव पुरुषाचं, बिरुदं पुरुषाची, पोषाखही पुरुषाचा. ती लढाई दोन राजांची होती. त्यातला एक राजा देहानं स्त्री होता, इतकंच."

माझ्या बाजूला बसलेला तो टपरीवरचा फिटर मला कोपर मारून म्हणाला, "बग, म्हटलं नव्हतं? गडी!"

मला तिथंच रडू यायचं बाकी होतं. एक म्हणतो बाई होती म्हणून जिंकली नाही. दुसरा म्हणतो जिंकली म्हणून बाई नव्हती. टपरीवरचं बाकडं उचलून आणून स्टेजवर ठेवलं होतं, फक्त दोघांच्या तोंडी संस्कृत जास्त होतं. मग म्हाताऱ्यांनी सांगितलं की एका परदेशी प्रवाशानं तिला राजाची विधवा म्हटलंय. तरुण म्हणाला, चूक, ती मुलगी होती. म्हातारे म्हणाले, तेही खरं, बंदरावर उतरलेल्या माणसाला राजवाड्यातलं काय कळणार. एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. तिनं कर कसा बसवला, तिच्या सरदारांनी बंड केलं तेव्हा काय केलं, इतकी वर्षं राज्य टिकवलं ते कसं, हे कुणी विचारलं नाही. मी चिठ्ठी पाठवली होती. ती अण्णांच्या पानाच्या डब्याखाली राहिली.

फाउंड्रीतून कुणीतरी ओरडलं, "सर, फायनल सांगा. बाई का बाप्या?"

म्हातारे चिडले. तरुण पाणी प्यायला. अण्णा उठले आणि अगदी वाटाघाटीच्या आवाजात म्हणाले, "सर, दोघंही जरा मागं-पुढं सरका. लोकांना उद्या कामावर जायचंय. मधलं काहीतरी काढा." दोन्ही प्राध्यापकांनी आपापले कागद गोळा केले. मधलं काही निघालं नाही.

मी मागं वळून पाहिलं. आक्का भिंतीला डोकं टेकून झोपली होती. आठवडाभर पहिली पाळी आणि वरून शेतात भुईमुगाची काढणी. शेवटच्या टाळ्यांनी तिला जाग आली.

"झालं? काय ठरलं?"

"काही नाही ठरलं, आक्का."

"मग चा तरी देत्यात का हितं?"

चहा होता. तो घेऊन आम्ही शाळेच्या पायऱ्यांवर उभ्या असताना मिस्त्री आला. मला त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. आक्काला नमस्कार घातला.

"आक्का, तुमच्याशी आमचं वैर न्हाई. तुमी चांगल्या हायेत. फकस्त एक करा. गेट मीटिंगला म्हना की साहेबानं बाई म्हनून मान राखला, आमच्या राजानं राखला तसा. फाउंड्रीचं एकूनएक मत तुमचं."

"आनि न्हाई म्हनलं तर?"

"तर न्हाई. आमाला गावाकडं त्वांड दाखवायचंय."

तो गेल्यावर मी बोलायला लागले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पत्रकासारखंच बोलले असेन. हे म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःला पुसणं आहे, असंही म्हणाले. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. कपातला चहा संपवला. तिच्या बोटांना तारेचे चरे पडलेले असायचे. कप गरम असला की ती तो तळहातावर धरायची.

"पोरी, टाकी कुठं हाय?"

"बाहेर."

"मग? शब्दानं काय ती आत येती व्हय?"

"पण जिंकलीस तू, आक्का!"

"मला ठावं हाय. तुला ठावं हाय. साहेबाला तर लई ठावं हाय." ती हसली. "मतं पायजेत. सरचिटनीस झाले तर पगाराचं बोलता यील. म्हनू दे त्यास्नी काय म्हनायचं ते."

गेट मीटिंगला तिनं ते वाक्य म्हटलं. खाली बघून, घाईनं, बाजारात भाव सांगितल्यासारखं. फाउंड्री खूश. मग अण्णांनी ते पत्रकात घालायला सांगितलं. मी नाही म्हटलं, स्टेन्सिलला हात लावणार नाही म्हटलं. दुसऱ्या कुणीतरी ती कापली. "साहेबांनी देवगिरीच्या थोर परंपरेला अनुसरून स्त्रीजातीचा मान राखला व टाकी हलवण्याची मेहेरबानी केली", असं त्यात होतं, खाली युनियनचा शिक्का. आक्का निवडून आली.

सरचिटणीस म्हणून तिनं जे केलं ते चांगलं केलं. वाइंडिंगचा पगार थोडा वाढला. फाउंड्रीला कातडी हातमोजे मिळाले. मिस्त्री ते सगळ्यांना दाखवत हिंडला. पण रात्रपाळीला तिला गेटच्या आत पाय टाकता येत नव्हता, म्हणून टूलरूमचा एक फिटर सहचिटणीस नेमला. तोच, बशीतून चहा पिणारा. माणूस वाईट नव्हता. पण रात्रीची तक्रार त्याच्याकडे, मग सकाळी तीच पुढं न्यायला तोच बरा, मग साहेबही विचारायला लागला, "ते आले नाहीत का?" वर्ष संपता संपता लोक जिना चढून ऑफिसात आले की आक्कासमोरून जाऊन त्याच्या टेबलाशी बसायचे. पुढच्या निवडणुकीला अण्णा म्हणाले, "यंदा मोठा करार आहे, आक्का. जोखीम आहे." आक्का परत तारेवर गेली. मी अण्णांशी भांडले. आक्का भांडली नाही. त्याचाही मला राग आला होता.

मग साहेब बदलला. आणि पावसाळ्यात मागची शेड गळायला लागली, व्हार्निशमध्ये पाणी जाऊ लागलं. नव्या साहेबानं शेड दुरुस्त करण्याऐवजी टाकी आत आणली. तीच टाकी, त्याच जागी, मधोमध.

आक्का त्याच्याकडे गेली. संध्याकाळी ती ऑफिसचा जिना चढून आली तेव्हा मी एकटीच होते. स्टुलावर बसली. तिच्या लुगड्याला पुन्हा तो वास होता.

"काय म्हणाला?"

"कागद दाखिवला. आपलाच. शिक्का आपला. म्हनला, तुमचीच युनियन लिहिती का मेहेरबानी केली म्हनून. मेहेरबानी करनारा सायेब गेला. म्या कुठं करार केलाय?"

मला खूप काही बोलता आलं असतं. पायऱ्यांवर बोलले होते ते सगळं पुन्हा बोलता आलं असतं, आणि खरं ठरलं असतं. पण मी उठून तिला पाणी दिलं.

"शब्दानंच आली की गं आत," आक्का म्हणाली.

टाकी पुन्हा बाहेर काढायला या वेळी फार दिवस लागले. पोलिसांची गाडी आली नाही. नवा साहेब हुशार, तो नुसता पगार कापत राहिला. बायका तार खाली ठेवून बसल्या. काही जणी मधेच उठून कामाला लागल्या, घरात पोरं होती. त्यांना आक्का काही बोलली नाही. रोज येऊन आपल्या जागेवर बसायची, हात मांडीवर. फाउंड्रीतून मिस्त्री डब्यात भाकऱ्या पाठवायचा. देवगिरीचा विषय त्यानं काढला नाही. मला आक्कानं निरोप पाठवला, पत्रक लिही, पण आता राणी नको. मी लिहिलं: टाकी बाहेर काढा आणि करारात घाला. दोन ओळींचं पत्रक मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

शेवटी नवी शेड झाली, टाकी तिथं गेली, आणि मोठ्या करारात तसं कलम पडलं. करारावर सह्या अण्णांच्या आणि त्या फिटरच्या. त्यानं, खोटं कशाला सांगू, आक्कालाही सही करू द्या म्हटलं होतं. कंपनीचे वकील म्हणाले, पदाधिकारी असतील तरच. आक्का म्हणाली, "माझी सही बी वाकडीच यिती." आणि पाळीवर गेली.

म्हणजे उद्या कुणी या कारखान्याचा इतिहास लिहायला बसलाच, तर त्याला दोन कागद मिळतील. एकावर लिहिलेलं असेल की साहेबानं बाई म्हणून मेहेरबानी केली. दुसऱ्यावर दोन पुरुषांच्या सह्या असतील. मग तो पुण्याचा म्हातारा आणि तो दाढीवाला यांचे चेले हॉलमध्ये बसून भांडतील. माझं पहिलं पत्रक त्यांना मिळणार नाही. ते टपरीवाल्यानं भज्यांना वापरून संपवलं. उरलेलं एक मिस्त्रीच्या खिशात गेलं होतं, त्याचं काय झालं ठाऊक नाही.

मी एम.ए. झाले तेव्हा पेढे घेऊन पुनावळ्याला गेले. सुट्टीचा दिवस होता. आक्का ओट्यावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. वाइंडिंगच्या स्टुलावर बसून बसून सगळ्याच बायकांचे गुडघे जातात. तिचे लवकर गेले. नवरा म्हशीला घेऊन नदीवर गेलेला. पेढा तिनं अर्धा खाल्ला, अर्धा त्याच्यासाठी ठेवला.

"टाकी?" मी विचारलं. मी दर वेळी विचारते.

"हाय भाईर. जाते कुठं?" मग म्हणाली, "त्या तुझ्या राणीचं शेवटी काय झालं गं? त्या दिशी मला झोप लागली, शेवट ऱ्हायला."

"शेवट त्यांनी सांगितलाच नव्हता. काही जण म्हणतात लढाईत मेली. चांगली म्हातारी असताना. एक सरदार उलटला होता, त्याच्यावर चालून गेली. काही म्हणतात, तेवढा पुरावा पुरत नाही."

"म्हातारी असून? घोड्यावर?"

"घोड्यावरच असणार."

आक्कानं हात थांबवला.

"मग गुडघ्याचं काय करत आसंल ती?"

"ते कुणी लिहिलेलं नाही, आक्का."

"न्हाईच लिहायचं कुनी," ती म्हणाली आणि वाटी ओढून दुसऱ्या पायाला तेल लावायला घेतलं. सकाळी तिची पहिली पाळी होती.